पेढ्यांचा हिशेब

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना जसं झालं, जवळजवळ तसंच ठेवलं आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू संशोधक आहेस, तर तुझ्या कामावर वीस मिनिटं बोल. पण समजेल असं बोल." मागच्या बाकावरून लगेच पुरवणी आली, "आणि जेवणाची वेळ सांभाळून." दोन्ही अटी मान्य. पण मी उभा राहायला तयार झालो त्याचं कारण वेगळं आहे. तुमचं माझ्याकडे एक देणं राहिलंय.

फेब्रुवारी २०१३ मध्ये तुमच्यापैकी जे गावात होते, त्यांनी पेढे खाल्ले असतील. कंदी पेढे, दोन किलो, एसटी स्टँडवर, आमच्या आप्पांच्या हातून. आप्पा तेव्हा वाहतूक नियंत्रक म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते, पण सकाळी नऊला स्टँडवर जायची सवय काही सुटली नव्हती. पेढे देताना ते म्हणत होते, "पोरानं परदेशात शोध लावला." कसला शोध, ते त्यांना सांगता येत नव्हतं आणि कुणी फार विचारलंही नाही. हातात पेढा असताना कोण विचारतो?

शोध लागला नव्हता. त्या दोन किलोंचा हिशेब द्यायचा राहिलाय, तो आज देतो. पण त्यासाठी आधी एक अणू पकडावा लागेल.

या सभागृहातली हवा आपल्याला स्वस्थ पडून आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तिचे रेणू ताशी दीड-दोन हजार किलोमीटरच्या वेगाने इकडून तिकडे आपटताहेत. असल्या वस्तूला धरायचं कसं? भांड्यात ठेवावं तर भांड्याची भिंतही अणूंचीच. तिला एकदा टेकला की त्या अणूची ओळख पुसली गेली. म्हणून पहिली अट अशी की त्याला कशाचाही स्पर्श होता कामा नये. पोलादी डब्यातली हवा पंपाने दिवसचे दिवस काढत राहायची आणि मधोमध, कशालाही न टेकता, अणू तरंगत ठेवायचा.

विद्युतभार असलेला अणू, म्हणजे आयन, असा धरायची एक युक्ती जर्मनीतल्या वोल्फगांग पॉल यांनी १९५० च्या दशकात काढली. घोड्याचं खोगीर डोळ्यांपुढे आणा. त्याच्या मधोमध गोटी ठेवली तर ती पुढे किंवा मागे जाऊ शकत नाही, त्या बाजूंना चढ आहे. पण डावी-उजवीकडे उतार आहे, तिकडून ती घरंगळून पडणार. आता ती पडायच्या आत खोगीरच फिरवलं, उताराच्या जागी चढ आणला आणि असं योग्य वेगाने फिरवतच राहिलो, तर गोटीला कुठून पडावं हेच कळत नाही. ती मध्येच थरथरत राहते. पॉल यांनी नोबेल व्याख्यानातही हेच उदाहरण दिलं होतं. त्यांच्या सापळ्यात खोगीर असतं ते विद्युतक्षेत्राचं, आणि ते सेकंदाला लाखो वेळा पालटतं.

त्याच सुमारास हान्स डेमेल्ट नावाचे गृहस्थ अमेरिकेत सिअॅटलला वेगळ्या प्रकारच्या सापळ्यावर काम करत होते. १९७३ मध्ये त्यांच्या गटाने एकच इलेक्ट्रॉन धरून दाखवला. एक! आपण दहावीत ज्याची चित्रं काढली, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी, तो. डेमेल्ट यांना आपल्या कणांचा इतका लळा की त्यांनी त्यांना नावं दिली. एका बेरियम आयनाचं नाव अॅस्ट्रिड. एका पॉझिट्रॉनचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या उलट्या भावंडाचं, नाव प्रिसिला, आणि ही प्रिसिला त्यांच्याकडे जवळजवळ तीन महिने राहिली. पॉल आणि डेमेल्ट या दोघांना १९८९ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आपण तेव्हा चौथीत होतो आणि गोट्याच खेळत होतो.

अणू खरंच दिसतो का, असं काल रात्री मला इथल्याच एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं. दिसतो. ऑक्सफर्डमधल्या डेव्हिड नाडलिंगर या संशोधक विद्यार्थ्याने सापळ्यातल्या स्ट्रॉन्शियमच्या एकाच अणूचा फोटो साध्या कॅमेऱ्याने काढला आणि २०१८ मध्ये त्याला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. दोन सुयांसारख्या टोकांमध्ये दोन मिलिमीटरची फट आहे आणि त्या फटीत एक निळसर ठिपका. अणू काही ठिपक्याएवढा नसतो, तो लेसरचा प्रकाश शोषतो आणि परत फेकतो म्हणून ठिपका उमटतो. चांदणी दिसते तशीच गोष्ट. मोबाईलवर शोधून बघा, पण माझं झाल्यावर.

आमच्या प्रयोगातले अणू मात्र विद्युतभार नसलेले, सीझियमचे. खोगीर तिथे कामाचं नाही. त्यांना आधी लेसरने थंड करावं लागतं. लेसरने थंड, हे ऐकून आमच्या आप्पांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं होतं. त्यांना मी स्टँडवरचंच उदाहरण दिलं. हॉर्न वाजवत गाडी आपल्याकडे येते तेव्हा हॉर्नचा सूर चढा वाटतो, पुढे गेली की उतरतो. प्रकाशाचंही तसंच असतं. लेसरचा रंग मुद्दाम अणूच्या आवडीपेक्षा किंचित उतरता ठेवायचा. मग जो अणू लेसरच्या दिशेने पळत येतो त्यालाच तो सूर बरोबर लागतो, तोच प्रकाश शोषतो आणि त्यालाच समोरून टिचकी बसते. सहा बाजूंनी लेसर सोडले की पळशील तिकडून टिचकी. थोड्याच वेळात अणू मुंगीच्या चालीने चालायला लागतात. अणूंच्या जगात मंद होणं म्हणजेच थंड होणं. मग दुसऱ्या एका लेसरच्या किरणाने, नुसत्या प्रकाशाने, त्यांना उचलून धरता येतं. आप्पा म्हणाले, "म्हणजे पोलिसांनी सहा रस्त्यांवर नाकाबंदी केल्यासारखं." मी गेली दहा वर्षं विद्यार्थ्यांना हेच वाक्य सांगतोय.

एवढा खटाटोप कशाला? वेळ मिळावा म्हणून. तंबोरा जुळवताना पाहिलाय ना? दोन तारा बऱ्याच वेगळ्या असतील तर लगेच कळतं. पण जवळजवळ जुळल्या की आवाजात एक संथ हेलकावा येतो आणि तो ऐकायला थांबावं लागतं. जितका फरक सूक्ष्म, तितकं जास्त थांबायचं. अणूंचंही असंच आहे. पूर्वी असे प्रयोग अणूंचा झोत सोडून करत, झोतातला अणू यंत्रातून क्षणार्धात निघून जाई. तंबोऱ्यावर एक टिचकी मारून गवई उठून गेला, असं. सापळ्यात अणू बसून राहतो, आपल्याला ऐकायला सेकंद मिळतात.

आता आम्ही ऐकत काय होतो ते सांगतो. इलेक्ट्रॉन पूर्ण गोल आहे का, हा आमचा प्रश्न होता.

इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरणाऱ्या भोवऱ्यासारखा असतो. आरीवर तिरका झालेला भोवरा डुलत डुलत फिरतो, तसा चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनचा अक्ष फेर धरतो. तो फेर किती वेगाने होतो, हे आम्ही मोजतो. आता समजा इलेक्ट्रॉनचा विद्युतभार अगदी सारखा पसरलेला नाही, अक्षाच्या एका टोकाला किंचित जास्त आहे. तर विद्युतक्षेत्र लावल्यावर तो फेर जरासा जलद किंवा मंद होईल आणि विद्युतक्षेत्र उलटं केलं की उलट होईल. क्षेत्र वर असताना मोजा, खाली असताना मोजा, वजाबाकी करा. प्रयोग एवढाच. वजाबाकी शून्य आली तर गोल.

नसला गोल तर कुणाचं काय बिघडलं? इथे जरा लक्ष द्या, हाच खरा मुद्दा आहे. अशा भोवऱ्याची फिल्म उलटी चालवा. फिरणं उलटं होईल, पण भाराचा फुगवटा आहे तिथेच राहील. म्हणजे फिल्ममधला इलेक्ट्रॉन हा खऱ्या इलेक्ट्रॉनपेक्षा वेगळाच प्राणी झाला. याचा अर्थ निसर्गाला, अगदी कणाच्या पातळीवर, काळ पुढे जातोय की मागे, यातला फरक कळतो. आणि काळाबाबतचा हा फरक म्हणजेच द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्यातला भेदभाव, असं भौतिकीचं गणित सांगतं. प्रिसिला आठवते ना, ते प्रतिद्रव्य. विश्वाच्या सुरुवातीला दोन्ही जवळजवळ सारखं होतं आणि दोन्ही भेटले की एकमेकांना संपवून प्रकाश होतात. सगळं सारखं असतं तर सगळं संपलं असतं. साधारण अब्जामागे एक कण द्रव्याचा जास्त उरला, त्या उरलेल्यात आकाशगंगा आली, पृथ्वी आली आणि आपली शाळाही आली. तो एक का उरला? १९६७ मध्ये आंद्रेई साखारोव्ह यांनी दाखवलं की निसर्गाच्या नियमांतच काही भेदभाव असल्याशिवाय हे होणार नाही. असा थोडा भेदभाव १९६४ मध्येच प्रयोगात सापडला होता. पण तो हा हिशेब भागवायला फारच अपुरा पडतो. म्हणून आणखी कुठेतरी तो असला पाहिजे. इलेक्ट्रॉनचा फुगवटा हा त्याचा माग असू शकतो.

सुटा इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्रात ठेवला तर पळूनच जाईल, म्हणून तो अणूत असतानाच तपासतात. आणि जड अणू घेतला तर आणखी एक फायदा होतो, तो १९६० च्या दशकात पॅट्रिक सँडर्स यांनी दाखवला. जड अणूच्या पोटात हा परिणाम वाढून दिसतो, सीझियममध्ये शंभराहून अधिक पट. काही रेणूंमध्ये तर विचारूच नका. तिकडे नंतर येतो.

२०१० ते २०१४ मी युरोपातल्या एका विद्यापीठात या कामावर होतो. नाव सांगत नाही, कारण आता चूक सांगायची आहे आणि ती आम्हा पाच जणांची होती. तळघरात खोली, खिडकी नाही, चोवीस तास पंपाची घरघर. विद्युतक्षेत्र उलटसुलट करायला एक रिले होता, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. दर काही सेकंदांनी खट्ट करायचा. खट्ट, क्षेत्र वर. खट्ट, क्षेत्र खाली. रात्री खोलीवर जाऊन झोपलं तरी कानात खट्ट चालू असायचं.

जानेवारीच्या शेवटी वजाबाकी शून्य येईना. आधी वाटलं योगायोग. आठवडाभर मोजत राहिलो तर आकडा तिथेच, उलट जास्तच ठाम. असा आकडा निव्वळ योगायोगाने यायची शक्यता तीनशे-चारशेत एक, इतपत. आमच्या क्षेत्रात एवढ्यावर शोध म्हणत नाहीत, हे मला पाठ होतं. पण पहाटे तीन वाजता तळघरात बसलेला माणूस जरा वेगळा असतो. विश्वात द्रव्य का उरलं, ते जगात सध्या पाचच जणांना माहीत आहे आणि त्यातला एक एसटी कंट्रोलरचा पोरगा आहे, असं मला खरंच वाटलं. इकडे सकाळ झाली होती. मी घरी फोन लावला.

आप्पांना मी "शोध लागला" असं म्हणालो नव्हतो. "आप्पा, काहीतरी दिसतंय," एवढंच म्हणालो होतो. पण फोनवर आवाज लपत नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

अकरा दिवस हे चाललं. रोज आम्ही संशयितांची यादी करायचो आणि एकेक नाव खोडायचो. लेसरची तीव्रता, खोलीचं तापमान, शेजारच्या इमारतीतली लिफ्ट. यादीत सतरावं होतं, "इलेक्ट्रोडच्या वायरींची अदलाबदल." ते खाली ढकललं होतं, कारण त्यासाठी सगळं बंद करून उच्च दाबाच्या वायरी सोडवायच्या, म्हणजे दोन दिवस गेले. आणि खरं सांगू का, आकडा घालवायची घाई आमच्यापैकी कुणालाच नव्हती.

बाई, तुम्हाला आठवतं? तुम्ही ओर्स्टेडचा प्रयोग दाखवला होता. तारेखाली होकायंत्र, प्रवाह सोडला की सुई वळते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणालात, "टाळ्या काय वाजवता? सुई माझ्या धक्क्यानेही वळली असेल." मग सेल उलटा लावलात. सुई दुसऱ्या बाजूला वळली. "आता वाजवा."

अकराव्या दिवशी आम्ही सेल उलटा लावला. वायरींची अदलाबदल केल्यावर स्विचच्या ज्या खट्टला क्षेत्र वर जायचं, त्या खट्टला आता खाली जात होतं. इलेक्ट्रॉनचा फुगवटा खरा असता तर आमच्या आकड्याचं चिन्ह बदलायला हवं होतं. रात्रभर मोजलं. चिन्ह बदललं नाही. म्हणजे आकडा विद्युतक्षेत्राचं ऐकत नव्हता, स्विचचं ऐकत होता. रिलेच्या आत तारेचं एक वेटोळं असतं, त्यातून प्रवाह गेला की ते लोहचुंबक होतं आणि स्विच ओढतं. एका स्थितीत प्रवाह चालू, दुसऱ्या स्थितीत बंद. दोन मीटरवरचं ते एवढंसं चुंबकत्व आमच्या अणूंपर्यंत झिरपत होतं आणि दर खट्टला भोवऱ्याचा फेर किंचित बदलत होतं. रिले पलीकडच्या खोलीत नेला, लांब वायर टाकली. आकडा शून्य.

ओर्स्टेडचाच प्रयोग होता तो. दहावीचा. विश्वाचं रहस्य म्हणून मी घरी फोन केला होता तो.

पुन्हा फोन करायला मला दोन दिवस लागले. तोवर पेढे वाटून झाले होते. मी सांगितलं, आप्पा, ते चुकलं, स्विचमुळे तसं दिसत होतं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "कुणी पकडली चूक?" म्हटलं, आम्हीच. "बरं," म्हणाले आणि आईकडे फोन दिला. नंतर स्टँडसमोर चहाची गाडी असलेल्या आपल्या वर्गमित्राने मला सांगितलं, आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नेहमीसारखे आले आणि ज्यांना ज्यांना पेढा दिला होता त्यांच्यातल्या कित्येकांना थांबवून सांगत होते, "ते रद्द झालं बरं का." गाडी रद्द झाल्याची घोषणा त्यांनी आयुष्यभर केली होती. तशीच. मला ते ऐकून इतकी लाज वाटली की त्या वर्षी मी सुट्टीला घरी आलोच नाही. आप्पांना जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांच्याशी यावर मी परत कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

आता उपाय काय, ते सांगतो. अशा प्रयोगांत हल्ली आकडा स्वतःपासूनच लपवतात. मोजणी सुरू करायच्या आधी संगणक एक गुप्त संख्या निवडतो आणि प्रत्येक निकालात मिसळून टाकतो. ती कुणालाच माहीत नसते, गटप्रमुखालाही नाही. तुम्हाला फरक मोजता येतात, चुका शोधता येतात, वायरी उलट्या लावता येतात, पण खरं उत्तर शून्य येतंय की नाही, ते कळत नाही. त्यामुळे आवडता आकडा दिसला की तपास थांबवायचा, नावडता दिसला की आणखी तपासायचं, हा मोह उरत नाही. सगळे तपास संपले, लिहून झालं, सगळ्यांनी मान डोलावली की मगच ती गुप्त संख्या वजा करायची. एकदाच. त्यानंतर काही बदलायचं नाही. माझ्या पुढच्या प्रयोगात हे केलं तेव्हा त्या बटणावर बोट ठेवताना दहावीच्या निकालाच्या दिवशी पोटात झालं होतं, तेच झालं.

आणि इथे बाईंसमोर एक कबुली. ओहमच्या नियमाचं प्रॅक्टिकल. अॅमीटरची सुई अडकायची, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी आधी आलेखावर पट्टीने सरळ रेघ मारली, मग रेघेवर सहा ठिपके दिले आणि ठिपक्यांवरून तक्त्यात रिडिंग भरली. माझ्या जर्नलवरून तुमच्यापैकी निदान आठ जणांनी उतरवली, नावं घेत नाही, एक जण आज नगरसेवक आहे. बाईंनी आलेख बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे ठिपके मीटरने दिलेत की पट्टीने?" मी म्हणालो, मीटरने. बाईंनी सही केली. अठ्ठावीस वर्षं झाली बाई, पट्टीने दिले होते.

(बाई इथे म्हणाल्या, "माहीत होतं रे." हे संयोजकांच्या सांगण्यावरून छापलं आहे.)

मग शेवटी इलेक्ट्रॉन गोल आहे की नाही? आजवरचं सगळ्यात बारीक उत्तर अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी, जिला नावाच्या संस्थेत मिळालं, एरिक कॉर्नेल आणि जुन ये यांच्या गटाला. त्यांनी अणूऐवजी रेणू धरले, हाफ्नियम आणि फ्लोरीन यांचा विद्युतभारित रेणू. त्याच्या पोटात इलेक्ट्रॉनला जे विद्युतक्षेत्र जाणवतं ते दर सेंटीमीटरला सुमारे २३ अब्ज व्होल्ट. माणसाने बनवलेल्या कुठल्याही इलेक्ट्रोडमध्ये याच्या आसपासही जाता येत नाही, मध्येच ठिणगी पडते. आणि सापळ्यात असल्यामुळे त्या रेणूंचं गाणं त्यांना जवळजवळ तीन सेकंद ऐकता आलं. त्याआधीचा उत्तम प्रयोग, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला, थोरियम ऑक्साइडच्या झोताचा होता. तिथे एक-दोन सहस्रांश सेकंद मिळायचे.

२०२३ च्या जुलैमध्ये निकाल छापून आला. त्यांनीही आकडा शेवटपर्यंत झाकून ठेवला होता. झाकण काढलं तर शून्य. म्हणजे फुगवटा असलाच तर ४.१ गुणिले १० चा उणे ३० वा घात, इतक्या सेंटीमीटरपेक्षा कमी. हे डोळ्यांपुढे येणार नाही, म्हणून मी कागदावर गुणाकार करून पाहिला. एक अणू फुगवून पृथ्वीपासून सूर्यापर्यंतच्या अंतराएवढा केला, तर त्या प्रमाणात हा फुगवटा आजच्या एका अणूहूनही लहान असेल. तिथवर गोल.

काल जेवताना कुणीतरी म्हणालं, एवढं करून शेवटी काहीच नाही सापडलं म्हणायचं. असं म्हणायला माझी हरकत आहे. विश्वात द्रव्य का उरलं हे समजावून सांगणारे कितीतरी सिद्धांत होते, चांगले, सुंदर म्हणावेत असे. त्यातले बरेचसे म्हणत होते, इलेक्ट्रॉनला इतका इतका फुगवटा असलाच पाहिजे. तो नाही. ते सिद्धांत आता एक तर मागे घ्यायचे, नाही तर दुरुस्त करायचे. जिनिव्हाजवळच्या सत्तावीस किलोमीटर परिघाच्या यंत्राला ज्या कणांपर्यंत थेट पोचता येत नाही, त्यांच्याबद्दल एका खोलीत मावणाऱ्या प्रयोगाने हे सांगितलं. आप्पांच्या भाषेत, गाडी रद्द झाली. स्टँडवर ताटकळणाऱ्याला ते सांगणारा कुणीतरी लागतो.

आपल्याकडेही सापळ्यांचं काम आहे. पुण्यात आयुकामध्ये यटर्बियमचा एकच आयन धरून त्यावर अतिशय अचूक घड्याळ उभारायचं काम चालू आहे. अशी घड्याळं किती बारीक असतात ते सांगतो. २०१० मध्ये अमेरिकेत अशी दोन घड्याळं घेतली, त्यातलं एक सुमारे फूटभर उंच उचललं, तर ते वेगळ्या वेगाने चालताना दिसलं, आइनस्टाइन म्हणाले होते तसं. तुमची मुलं बारावीला असतील आणि मेडिकल-इंजिनीअरिंगखेरीज काही विचारत असतील, तर त्यांना घेऊन या. मी पुण्यातच शिकवतो. चहा मी पाजीन.

वीस मिनिटं कधीच होऊन गेली. मागच्या बाकावरून घड्याळ दाखवताहेत, तेही बिनअचूक. एकच राहिलं. तळघरातली ती खोली बंद झाली तेव्हा सामानाची वाटणी झाली. कुणी लेसर नेला, कुणी पंप. मी रिले मागून घेतला. हा बघा, काडेपेटीएवढा. बॅटरी जोडली आहे, इथे दाबा.

खट्ट. ऐकू आलं मागे?

बाई, आधी तुमच्या हातात देतो. मग पुढे सरकवा. सगळ्यांनी बघून झाला की जेवणाआधी मला परत हवाय.